मागून येणारं घर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. जिन्याखाली जुनी वर्तमानपत्रं साठावीत तसे ते साठतात आणि एक दिवस जिना चढायला वाट उरत नाही. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर सध्या तीच परिस्थिती आहे. कट्टा म्हणजे गंगापूर रोडवरच्या चहाच्या दुकानासमोरचा सिमेंटचा बाक. त्यावर आम्ही तिघे बसतो: गांगुर्डे, कुलथे आणि मी. तिघेही एकाच सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर माणूस देवाच्या नादी लागतो किंवा शेअर बाजाराच्या. गांगुर्डे ट्रेलरच्या नादी लागले.

ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे हुकाने जोडून ओढत न्यायची एक छोटी खोली. आत पलंग, शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी. बाहेरून पांढरी आणि गोलसर. लांबून पाहिलं तर कोणीतरी फ्रीज आडवा पाडून त्याला चाकं लावली आहेत असं वाटतं. गेलं वर्षभर आमच्या गप्पांत दुसरा विषय नाही.

हे सगळं एका झोपेपायी सुरू झालं, म्हणून आधी ती झोप सांगतो.

*

सुमनवहिनींना, म्हणजे गांगुर्ड्यांच्या सौभाग्यवतींना, स्वतःचं घर सोडून कुठेही झोप लागत नाही. लागत नाही म्हणजे उशिरा लागते असं नव्हे. लागतच नाही. त्यांचं माहेर पिंपळगाव बसवंतला, नाशिकहून तासाभराच्या अंतरावर. तिथे भाऊबीजेला ओवाळून त्या संध्याकाळच्या एसटीने परत. भावाच्या लग्नात हळद लावून परत आल्या आणि सकाळी पुन्हा अक्षता टाकायला गेल्या. कचेरीत रजा प्रवास सवलत कधीच न घेणारा माणूस म्हणून गांगुर्ड्यांकडे संशयाने पाहिलं जायचं.

इथपर्यंत हा गमतीचा विषय होता. मग त्यांच्या मुलाने, निखिलने, पुण्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांत झाली, जेवणं झाली. सुनेने, मानसीने, सासूबाईंसाठी वेगळी खोली लावून ठेवली होती, पलंगावर नवी चादर घातली होती. वहिनींनी चादरीवरून हात फिरवला, "छान आहे हो," म्हणाल्या आणि सहाची बस पकडली.

मानसी काही बोलली नाही. पण निखिलने वडिलांना फोनवर सांगितलं, "बाबा, ती म्हणते, आईंना माझं घर घर वाटलंच नाही."

सासूसुनेचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटलं असतं. दोघी एकमेकींशी फार गोड बोलू लागल्या. "कशा आहात आई?" "बरी आहे गं. तू कशी?" "मजेत." संपला फोन. गांगुर्डे सांगायचे, "अहो, आमच्या कचेरीतली पत्रंसुद्धा याहून मायेची असायची."

मग एक दिवस बाकावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "ती घर सोडत नाही ना? मग घरच घेऊन जाऊ. निखिलच्या पार्किंगमध्ये लावू. वर जेवायचं, खाली झोपायचं. सकाळी सुनेच्या हातचा चहा."

कुलथे म्हणाले, "याला पाहुणचार म्हणत नाहीत, गांगुर्डे. वेढा म्हणतात."

वहिनींनी नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली. "आधी इथे जवळपास मला त्यात झोप लागली पाहिजे. तरच पुण्याला नेऊ. सुनेच्या दारात जाऊन मी रात्रभर टक्क जागी बसले तर तिला काय वाटेल? आणि नाहीच लागली तर विकून टाकायची ती गाडी."

*

ज्याचं आयुष्य सरकारी नोकरीत गेलं त्याला पसंत पडलेली वस्तू सरळ विकत घेता येत नाही. आम्ही समिती नेमली. अध्यक्ष गांगुर्डे, सदस्य मी, आणि विरोधी मताची नोंद व्हावी म्हणून कुलथे. वजन, लांबी, ब्रेक, पलंगाची रुंदी यांचा आम्ही तुलनात्मक तक्ता केला. गांगुर्ड्यांची डिझेल गाडी जुनी. मोठा ट्रेलर तिच्यामागे जोडला असता तर कोण कोणाला ओढतंय असा प्रश्न पडला असता. तेव्हा हलका हवा आणि आटोपशीर हवा, एवढं एकमताने ठरलं. मतभेद झाले ते आत संडास असावा का यावर. कुलथ्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे: "पलंगापासून हातभर अंतरावर संडास फक्त तुरुंगात असतो."

शेवटी तक्ता घेऊन आम्ही अंबडच्या एका शेडमध्ये गेलो. वहिनीही आल्या. विकणारा मुलगा उत्साही होता. त्याने ट्रेलरचं तोंड एका हाताने उचलून दाखवलं. "बघा काकू, किती हलका."

"चोरांची सोय झाली," वहिनी म्हणाल्या.

मग त्याने पलंगावरच्या छतात बसवलेली काच दाखवली. झोपल्या झोपल्या वर आकाश. "यातून तारे दिसतात, काकू."

"आणि वरून आपण दिसतो का? पडदा लावून द्या."

त्याचा शेवटचा हुकमी एक्का म्हणजे बेसिनच्या वरचा एक छोटा कप्पा. आत मखमल, वर बारीक दिवा. "हे वाइनच्या ग्लासांसाठी. आपल्या नाशिकचं वैशिष्ट्य म्हणून खास बनवलंय. गाडी कितीही हलली तरी आतलं पडत नाही."

वहिनी पुढे झाल्या. त्यांनी कप्प्यात हात घालून वितीने माप घेतलं, दिवा लावून पाहिला, विझवून पाहिला.

"यात देव मावतील," त्या म्हणाल्या. "हाच घ्या."

तक्ता कुलथ्यांच्या हातात होता. त्यांनी त्याची घडी घातली आणि तो त्या मुलाला बसायला दिला, कारण स्टूल धुळीचं होतं.

*

ट्रेलर घरी आला आणि प्रश्न उभा राहिला की पूजा कसली करायची. गुरुजी म्हणाले, वाहन असेल तर वाहनपूजा, नारळ आणि चाकाखाली लिंबू, अर्ध्या तासात मोकळे. घर असेल तर वास्तुशांत, त्याला सकाळ जाईल.

गांगुर्डे म्हणाले, "नंबरप्लेट आहे, म्हणजे वाहन."

वहिनी म्हणाल्या, "वाहनात मी झोपत नाही. वास्तुशांत करा."

गुरुजींनी आसन मांडलं आणि विचारलं, "दाराचं तोंड कुठे?"

"आत्ता उत्तरेला," गांगुर्डे म्हणाले. "कॉलेज रोडला वळलं की पूर्वेला. पुढचं मला सांगता येणार नाही."

गुरुजी डोळे मिटून थोडा वेळ बसले. मंत्र आठवत असावेत किंवा दुसऱ्या यजमानाकडे जायची वाट. मग म्हणाले, "ज्या बाजूने ओढलं जाईल ती पूर्व समजा."

मला ते फार आवडलं. अजूनही कधी रस्ता चुकलो की मी मनात म्हणतो, ओढलं जातंय ती पूर्व.

शेवटी वहिनींनी नव्या शेगडीवर दूध ठेवलं. नव्या घरात दूध उतू घालतात, तसं. दूध वर आलं आणि एकाच बाजूने खाली गेलं. सगळंच्या सगळं डाव्या कडेने. तेव्हा आमच्या लक्षात आलं की ट्रेलर तिरका उभा आहे. चारी कोपऱ्यांना खाली पाय असतात, ते फिरवून ट्रेलर समतल करायचा असतो, ही पहिली तांत्रिक माहिती आम्हाला दुधाने दिली. ट्रेलरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतही ती होती म्हणे. पण पुस्तिका वाचायला आम्ही ज्या माणसाला नेमलं होतं तो दुधाखाली पाय ठेवून बसला होता. कुलथे आठवडाभर दुसरी चप्पल घालून येत होते.

*

ओढणं सोपं असतं. अडचण मागे घेण्यात. ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि उजवीकडे फिरवलं की डावीकडे. तपोवनाजवळच्या मोकळ्या मैदानात आम्ही सराव करायचो. मी मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचो, आणि ट्रेलर माझ्याकडे सोडून सगळीकडे यायचा. एकदा तो गाडीशी काटकोन करून थांबला आणि गांगुर्डे खिडकीतून स्वतःच्याच घराच्या दाराकडे बघत बसले.

तिसऱ्या दिवशी ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून म्हणाले, "या वयात उलटं शिकणं जमायचं नाही."

कुलथे आतापर्यंत झाडाखाली शेंगा खात बसले होते. ते उठून खिडकीशी आले. "अहो, तुम्ही आयुष्यभर दुसरं काय केलंत? साहेबाने फाईल मंजूर करावी असं वाटलं की आपण काय लिहायचो?"

"नामंजूर करणे योग्य वाटते."

"आणि साहेब काय करायचा?"

"मंजूर."

"मग आता हा मागचा साहेब समजा."

गांगुर्ड्यांनी क्षणभर समोर बघितलं. मग गिअर टाकला आणि ट्रेलर एका दमात दोन दगडांच्या मधोमध नेऊन उभा केला. त्या दिवसानंतर त्यांचं कधी चुकलं नाही. अधूनमधून फक्त पुटपुटतात, "उजवीकडे नेऊ नये अशी शिफारस आहे."

*

पहिली रात्र गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी. कुलथे आणि मी पहाटेच स्कूटरवरून निकाल ऐकायला निघालो. थंडी होती. पाण्यावर धुकं इतकं जाड पसरलं होतं की पलीकडचे त्र्यंबकचे डोंगर ढगांतून लोंबत असल्यासारखे दिसत होते. काठावर पांढरा ट्रेलर. खालचा भाग धुक्यात बुडालेला, त्यामुळे चाकं दिसत नव्हती. तो जमिनीवर उभा आहे की पाण्यावर, ते कळेना. कुलथ्यांनी स्कूटर बंद केली आणि आम्ही दोघे उगाच पाय न वाजवता चालू लागलो.

वहिनी दाराच्या पायरीवर शाल पांघरून बसल्या होत्या. आत गांगुर्डे घोरत होते.

"काय वहिनी?" मी विचारलं.

"नाही हो भावजी. डोळ्याला डोळा नाही." मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "पण जागं राहायला फार बरं वाटलं. मध्ये एकदा ते पाणी श्वास घेतल्यासारखं वरखाली झालं. कोणीतरी जागं पाहिजेच होतं बघायला."

कुलथे काहीतरी बोलणार होते. बोलले नाहीत. आमच्या कट्ट्याच्या इतिहासात हे प्रथमच घडलं.

*

दुसरा प्रयत्न पिंपळगावला, माहेरी. मी मागे बघायला बरोबर होतो. द्वारका चौकात गाडी बाजूला घेऊन आम्ही हुकाची साखळी तपासत होतो. तेवढ्यात वहिनींनी आत जाऊन चहा ठेवला आणि वाफ जायला खिडकी उघडली. खिडकी उघडल्याबरोबर समोर माणसं उभी राहिली.

"मावशी, दोन मिसळ. एक तिखट."

"मिसळ नाही रे बाबा. चहा आहे."

"चालंल."

वहिनींनी होता तेवढा चहा कपांत ओतून दिला. एकाने खिशात हात घालून विचारलं, किती झाले. वहिनींना राग आला. "चहाचे पैसे घेतात का कोणी?" माणसं खजील होऊन कप विसळून द्यायला लागली. आम्हाला मात्र चहा उरला नाही, आणि मागे हॉर्नचा एवढा गजर झाला की आम्ही हुकाला नमस्कार करून निघालो.

पिंपळगावला ट्रेलर द्राक्षबागेच्या कडेला लावला. वेलींचा मांडव, खाली हिरवा गार अंधार, वर पानांतून गळणारा उजेड. झोप लागायला याहून चांगली जागा देवानेही नेमली नसती. सकाळी वहिनींचा भाऊ, बापू, तांब्या घेऊन आला. "काय अक्का, लागली का झोप?"

"नाही रे."

"म्हंजे माहेरचीबी नाय अन् सासरचीबी नाय. तू कोनाची हाय मग?"

निघायच्या वेळी बापूने माणसं बोलावून ट्रेलरमध्ये कांद्याची पोती भरायला सुरुवात केली. गांगुर्डे धावले. "बापू, अहो हलकी गाडी आहे ही."

"हलकी हाय म्हनूनच भरतो ना दाजी. भरलेल्या गाडीत कोन भरंल? मोकळी गाडी माझ्या दारातून गेली तर लोकं काय म्हनतील?"

पोती मागच्या बाजूला रचली गेली. हायवेला लागल्यावर ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी हळू, मग आख्खी मोटार त्याच्याबरोबर डुलायला लागली. वजन चाकांच्या मागे गेलं की पुढचं तोंड उचललं जातं आणि ट्रेलर मोटारीला हलवतो. हेही पुस्तिकेत होतं. गाडी कडेला घेतली, घाम पुसला आणि आम्ही एकेक पोतं पुढे ओढून पलंगावर ठेवलं. दमून बाजूला उभे राहिलो. वहिनींनी आत डोकावून पाहिलं. पोती एकमेकांना टेकून, तोंडं मिटून, ओळीने आडवी पडली होती.

"चला," त्या म्हणाल्या, "कोणाला तरी लागली."

*

यानंतर गांगुर्ड्यांनी शास्त्रीय मार्ग धरला. त्यांचा निष्कर्ष असा की वहिनींना घर लागत नाही, घरातले आवाज लागतात. मग त्यांनी फोनवर आपल्या फ्लॅटची संध्याकाळ रेकॉर्ड केली. टाकीत पडणारं पाणी. वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. जिन्यात कोणाचंतरी खोकणं. शेजारच्या अलकाताईंचा कुकर. आम्हाला त्यांनी ते बाकावर ऐकवलं. मी डोळे मिटले. खरं सांगतो, एवढं सुंदर काही मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. कोणाचंही नसलेलं, सगळ्यांचं असलेलं घर त्या फोनमध्ये शिजत होतं. कुलथ्यांना तर खरोखर डुलकी लागली.

ते रेकॉर्डिंग घेऊन गांगुर्डे पुन्हा धरणावर गेले. सकाळी आम्ही पोचलो तर वहिनी पायरीवर.

"काय झालं?"

"अलकाताईंचा कुकर रोज चार शिट्ट्या देतो," वहिनी म्हणाल्या. "यांच्या फोनात तीनच झाल्या."

"मग?"

"मग काय? चौथीची वाट बघत बसले."

गांगुर्डे पाण्याच्या काठाशी उभे होते. आमच्याकडे न बघता म्हणाले, "फोनमधली जागा संपली होती."

त्या दिवशी परत येताना वहिनींनी विषय काढला. आवाजात राग नव्हता. "अहो, विकून टाका ती. माझं सोडा. मी झोपले का हे बघायला तुम्ही उठून बसता. आता तुम्हीही झोपत नाही."

*

गिऱ्हाईक पुण्यातच मिळालं. नवं लग्न झालेलं जोडपं, कोकणात जायचं होतं. ट्रेलर सोमवारी त्यांना द्यायचा, त्याआधी रविवारी निखिलकडे जेवायचं असं ठरलं. कुलथ्यांनी यायला नकार दिला. "मी लग्नाला येतो. घटस्फोटाला जात नाही." मी गेलो, कारण मागे बघायला माणूस लागतोच. वहिनी आल्या त्या भांडीकुंडी आणि देव काढून घ्यायला. संध्याकाळच्या बसचं परतीचं तिकीट काढूनच त्या गाडीत बसल्या.

सिन्नर गेलं, संगमनेर गेलं. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. गांगुर्डे आरशात सारखे मागे बघत होते, लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीकडे बघावं तसे.

निखिलचा फ्लॅट बराच वरच्या मजल्यावर. जेवण उत्तम. मानसी वाढत होती. "आई, आणखी कढी?"

"पुरे गं. छान झालीय."

"थोडी तरी."

"नको हं."

एवढंच. जेवणं झाली तरी या वेळी मानसीने थांबायचा आग्रह केला नाही. आग्रह न केल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. वहिनी हात पुसत उठल्या. "खाली जाऊन सामान आवरते. मग बस आहेच."

"मी येऊ मदतीला?" मानसीने विचारलं.

"नको, तू पड जरा. सकाळपासून उभी आहेस."

वहिनी लिफ्टने खाली गेल्या. आम्ही तिघे पुरुष पंख्याखाली बसून क्रिकेट बघितल्यासारखं करत होतो. मानसी भांडी घासून आली, खिडकीतून खाली बघितलं, पुन्हा आत गेली, पुन्हा खिडकीशी आली. मग म्हणाली, "एकट्याच आवरतायत. बघून येते." आणि तीही गेली.

बराच वेळ झाला. चहाची वेळ टळून गेली. बसची वेळ जवळ आली. निखिलने घड्याळ बघितलं, गांगुर्ड्यांनी निखिलकडे बघितलं, आणि आम्ही तिघेही लिफ्टमध्ये शिरलो.

पार्किंगच्या कोपऱ्यात, एका बहाव्याच्या झाडाखाली ट्रेलर उभा होता. दार लावलेलं. पायरीखाली चपलांचे दोन जोड. सामान आवरलेलं दिसत नव्हतं. दिसला तो त्या कप्प्याचा बारीक दिवा, पडद्याआडून. देव अजून आत होते.

गांगुर्डे दारावर टकटक करणार, तेवढ्यात आतून मानसीचा आवाज आला. हळू, पण फायबरची भिंत ती, सगळं ऐकू येतं.

"आई, खरं सांगू? मलाही वर झोप लागत नाही."

आत बांगड्या किणकिणल्या.

"कधीपासून?"

"राहायला आलो तेव्हापासून. निखिलला माहीत नाही. उठून खिडकीत बसते."

"मग मला सांगायचं ना."

"कसं सांगणार? तुम्ही कायम बसच्या घाईत."

झाडावरून एक पिवळी पाकळी निघाली आणि ट्रेलरच्या छतावर, बरोबर त्या काचेवर, जाऊन बसली.

"सरक तिकडं," वहिनींचा आवाज आला. "खिडकीकडं तू. मला दाराकडं लागतं."

पलंग करकरला. मग आतून काहीच ऐकू येईना.

निखिल खाली बघत उभा होता. गांगुर्ड्यांचा हात अजून दारापाशी हवेतच होता. त्यांनी तो सावकाश खाली घेतला. त्यांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी काढून बघितला. गिऱ्हाइकाचं नाव होतं. फोन त्यांनी बंद करून टाकला. आम्ही तिघे बाजूच्या कठड्यावर जाऊन बसलो. कोणी काही ठरवलं नाही. सहाची बस सुटायची ती सुटली असणार.

सोसायटीचा वॉचमन काठी आपटत आला. म्हातारा, मराठवाड्याकडचा. पाहुण्यांच्या गाड्या संध्याकाळी बाहेर काढायच्या असतात, हे सांगायला आला असावा. पण तोंड उघडण्याआधी त्याने पायरीखालच्या चपला बघितल्या, पडद्यामागचा दिवा बघितला. मग काठी काखेत घेतली आणि परत वळला.

तेवढ्यात एक मोठी गाडी ट्रेलरच्या शेजारच्या जागेत मागे येऊ लागली. मागे घेताना तिच्यात मोठमोठ्याने गाणं वाजत होतं. वॉचमन या वयात धावू शकेल असं मला वाटलं नव्हतं. त्याने जाऊन काचेवर बोटाने टकटक केलं.

"सायेब, गाडी पलीकडं लावा. घरात बायामाणसं निजल्यात."

गाडीवाल्याने काच खाली केली. "कुठल्या घरात?"

वॉचमनने नुसती काठी दाखवली.

गाडीवाल्याने तिकडे बघितलं. थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने गाडी पुढे घेतली, लांब नेऊन लावली, आणि उतरल्यावर दार इतक्या हळू लोटलं की ते नीट लागलंच नाही.